बघायचे पैसे

माझं रोजचं काम दुसऱ्यांची बिलं तपासायचं. शाहूपुरीत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात मी जीएसटीची रिटर्न भरते. त्यामुळं कुठलाही कागद हातात आला की नजर आधी खालच्या बेरजेवर पडते आणि मग एकेक ओळ वर चढते. गॅरेजवाल्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलेलं एस्टिमेट मी तसंच वाचलं. खाली २७,६००. वर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग), हेड फेसिंग, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, पुढच्या दोन्ही डिस्क, ब्रेक पॅड, दोन कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे), इंजिन फ्लश, लेबर आणि ‘इतर’.

गाडी सॅन्ट्रो झिंग, २०१२ सालची, आम्ही सेकंडहँड घेतलेली. २०१९ च्या महापुरानंतर घेतली, तेव्हा मामानं विकणाऱ्याच्या दारातच सीटबेल्ट मुळापर्यंत ओढून बघितला होता. गाडी आतनं धुवून चकाचक करता येते, पण रिळावर गुंडाळलेल्या पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागात पुराचा गाळ राहतो, असं त्याचं म्हणणं. पट्टा स्वच्छ निघाला आणि गाडी घरी आली. मामा एसटीच्या वर्कशॉपमधनं निवृत्त झालेला आहे. या सगळ्या प्रकरणात निम्मं डोकं त्याचं.

माझ्या तक्रारी दोनच होत्या. ब्रेक दाबला की पुढनं किर्रर्र आवाज यायचा, आणि गर्दीत अडकलं की टेंपरेचरचा काटा वर सरकायचा. एवढ्यावर सत्तावीस हजार. मी विचारलं, “हेड गॅस्केट गेलंय हे कशावरून?” तर म्हणाला, “अनुभव आहे मॅडम.” पुन्हा विचारलं तर, “साहेबांना फोन करायला सांगा, त्यांना समजावून सांगतो.” आमच्या साहेबांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बॉनेट उघडायची खटकी कुठल्या बाजूला आहे हे अजून ठाऊक नाही. गाडी मी चालवते, हप्ता माझ्या पगारातनं गेला, आणि समजावणार साहेबांना!

त्या रात्री मी त्याच गॅरेजचं मागच्या वर्षीचं बिल शोधून काढलं. मागचे दोन शॉक ॲब्सॉर्बर बदलले होते आणि नशिबानं त्यांची रिकामी खोकी डिकीतच पडून होती. खोक्यावर छापील किंमत १,४००, खाली बारीक अक्षरात ‘सर्व करांसह’. बिलात १,४०० आणि त्यावर २८ टक्के जीएसटी ३९२, म्हणजे एकाचे १,७९२. एमआरपीत कर धरलेला असतो. १,४०० ला १.२८ नं भागलं की मूळ किंमत १,०९३ रुपये ७५ पैसे येते, उरलेला सगळा करच. त्या करावर पुन्हा कर लावला होता. मग मी बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघितला. नोंदणी कंपोझिशनची निघाली, म्हणजे छोट्या व्यावसायिकानं आपल्या उलाढालीवर ठरावीक टक्के कर स्वतःच भरायच्या योजनेतली. कंपोझिशनवाल्याला गिऱ्हाइकाकडनं कर वेगळा घेताच येत नाही, आणि तसं त्यानं बिलावर छापायला लागतं. म्हणजे ते ७८४ रुपये सरकारकडं गेलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कागद त्याच्यापुढं ठेवले. तो म्हणाला, “ते कॉम्प्युटरच तसं काढतोय मॅडम.” ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही हे मला माहीत होतं, पण ७८४ रुपयांसाठी तारखांना कोण जाणार? याच हिशेबावर असली बिलं निघत असतात. गाडी न उघडता परत आणली. (२२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा दर १८ टक्क्यांवर आला, तेव्हा आमच्या ऑफिसात मी पेढे वाटायची गंमत केली. एमआरपीवर कर लावणारे आता १८ लावतील, एवढाच फरक.)

आता प्रश्न गाडीचा. मामाला फोन केला. त्यानं एकच सांगितलं, “पहिलं काटा कवा चढतोय आणि कवा उतरतोय ते बघ. पाना नंतर.”

मग मी ऑफिसला जाता-येता काट्याकडं डोळा ठेवायला लागले. कळंब्यातनं निघाल्यापासनं संभाजीनगरपर्यंत काटा मधोमध. मिरजकर तिकटीला गर्दी लागली की जरा हलायचा. बिंदू चौकात, विशेषतः सुट्टीला अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या बाहेरगावच्या गाड्यांची रांग असली, की सरळ वर निघायचा. दसरा चौक ओलांडून गाडी जरा पळाली की आपोआप खाली. एका रविवारी मुद्दाम महामार्गावर उजळाईवाडीपासनं कागलपर्यंत जाऊन आले. अर्धा मिलिमीटर हलला नाही.

मामाला हे सांगितल्यावर तो फोनवरच हसला. गाडी पळताना समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो. उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. पळताना थंड आणि उभ्यानं गरम म्हणजे आधी पंखा बघायचा. हेड गॅस्केट गेलेली गाडी कागलच्या रस्त्याला अशी शांत राहत नाही.

तरी मी गॅस्केटच्या खुणा एकेक करून तपासल्या, कारण त्या तपासायला पाना लागतच नाही. सकाळी इंजिन गार असताना ऑइलची पट्टी ओढली आणि ऑइल भरायचं टोपण उलटं करून बघितलं. कूलंट ऑइलमध्ये मिसळलं असेल तर दुधाळ, चहाच्या सायीसारखा थर दिसतो. नव्हता. रेडिएटरचं टोपण काढून इंजिन सुरू केलं, एकसारखे बुडबुडे येतात का बघितलं. नाही. सायलेन्सरमधनं सारखा पांढरा, गोडसर वासाचा धूर? नाही. बाटलीतलं कूलंट कमी होतंय का, म्हणून पातळीवर मार्करनं रेघ मारून ठेवली होती. ती आठवडा उलटला तरी तिथंच. थर्मोस्टॅट उघडतोय हे वरच्या होस पाइपला हात लावून कळतं. आधी गार असतो, मग एकदम गरम होतो. पंपाखाली ओल नाही, आवाज नाही. एस्टिमेटमधल्या चार ओळी माझ्याकडनं एका सकाळीत खोडल्या गेल्या आणि खर्च शून्य.

इथं एक सांगायला पाहिजे. रेडिएटरचं टोपण गार इंजिनावरच काढायचं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासनं साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, इथं उघड्या भांड्यातलं पाणी शंभर अंशांच्या जरा आतच उकळतं. रेडिएटरमध्ये ते उकळत नाही ते कूलंटमुळं आणि टोपणानं धरून ठेवलेल्या दाबामुळं. गरम असताना टोपण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. मामाच्या उजव्या मनगटावर त्याची खूण आहे. दुसरं म्हणजे, काटा वर गेलेल्या गाडीला तशीच रेटायची नाही. हेड ॲल्युमिनियमचं असतं, तापून वाकतं, आणि मग गॅस्केट खरंच जातं. दोनशे रुपयांचा पार्ट अडला असताना गाडी हाकत राहिलं, तर गॅरेजवाल्याचा अंदाज आपणच खरा करून देतो.

रविवारी मामा आला. दारात गाडी लावून एसी बंद ठेवून इंजिन चालू ठेवलं. काटा चढला, नेहमीची जागा ओलांडली, रेडिएटरमागचा पंखा ढिम्म. इंजिन बंद केलं. मामानं पंख्याचं कनेक्टर सोडवलं, दोन वायरींनी बॅटरीवरनं सरळ वीज दिली. पंखा घर्रकन फिरला, अंगावर धूळ उडाली. म्हणजे मोटर चांगली. फ्यूज शाबूत होता, तो मी आधीच बघितला होता. राहिला रिले, म्हणजे पंख्याला वीज सोडणारा छोटा स्विच. इंजिन गरम होतं तेवढ्यात मामानं माझं बोट धरून रिलेवर ठेवलं आणि चावी फिरवायला सांगितलं. बोटाला ‘टक्’ असं जाणवलं. “आतली कॉइल ओढतीया,” मामा म्हणाला, “पण फुडं करंट जात न्हाई.” शेजारच्या खणातला त्याच नंबरचा रिले काढून इथं लावला आणि पंखा लागला.

जुना रिले मी घरी स्क्रू ड्रायव्हरनं उघडला. प्लास्टिकचं टोपण निघाल्यावर आत ज्वारीच्या दाण्याएवढे दोन संपर्कबिंदू. एक काळा ठिक्कर, मधोमध खड्डा पडलेला. दुसऱ्यावर जळकी कड. पॉलिश पेपर मारून ते थोडे दिवस चालले असते, पण नवा रिले दोनशेच्या आत आला. तो जळका रिले अजून माझ्या ऑफिसच्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. वजन कमी पडतं, पण असू दे.

आता ब्रेक. रिले बदलणं म्हणजे पत्ता ओढून दुसरा लावणं. ब्रेकला हात घालायला मला धीर लागला, आणि तो लागायलाच पाहिजे. गाडी चालू झाली नाही तर माणूस घरी राहतो. ब्रेक लागला नाही तर कुठं राहील सांगता येत नाही. म्हणून आधी अट घातली की मामा उभा असल्याशिवाय एक नट सोडायचा नाही.

पॅड आणायला स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या पोरानं न बघताच विचारलं, “कुठल्या गॅरेजचं?”

“कुठल्याच नाही.”

“मिस्त्रींनी पाठवलंय न्हवं?”

“मीच मिस्त्री.”

त्यानं मान वर केली. मागं बसलेले मालक हसले आणि छापील किमतीतनं बरीच रक्कम कमी केली. तेवढी रक्कम एरवी कुणाच्या तरी वहीत कुणाच्या तरी नावावर जमा होत असणार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पक्कं बिल मात्र मागून घेतलं. खोक्याचं सील, पार्ट नंबर आणि छपाई नीट बघून घेतली, कारण हुबेहूब खोक्यात भलताच माल भरून विकण्याचा धंदाही जोरात असतो.

काम असं झालं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, मागच्या चाकांना दगड. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, २१ नंबरच्या पान्यानं. ते हलेनात. टायरवाल्याकडच्या वाऱ्याच्या पान्यानं मागं कधीतरी इतके आवळलेले होते की मामाचाही जोर पुरेना. मग पान्याच्या दांड्याला पाण्याचा जुना लोखंडी पाइप घातला. दांडा लांब झाला आणि नट माझ्या एकटीच्या ताकदीनं सुटला. जॅक लावून गाडी उचलली, खाली स्टँड ठेवला, आणि काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवलं. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालणारी माणसं मी रस्त्यावर रोज बघते आणि माझ्या पोटात गोळा येतो.

कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की कॅलिपर दारासारखा वर उचलला जातो. तो ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही, म्हणून सुतळीनं वर स्प्रिंगला बांधला. पॅड बाहेर आले. बाहेरच्या पॅडवर अजून बऱ्यापैकी माल होता. आतला मात्र झिजून दोन मिलिमीटरवर आलेला, आणि त्याच्यावरची पत्र्याची छोटी जीभ डिस्कला टेकलेली. किर्रर्र आवाज त्या जिभेचा. ती कंपनीनं मुद्दामच बसवलेली असते, पॅड संपत आला की तिनं ओरडावं म्हणून. आवाज म्हणजे ब्रेक ‘गेला’ असं सांगून घाबरवणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

पण मामाचं लक्ष दुसरीकडं होतं. त्यानं दोन्ही पॅड शेजारी शेजारी धरले. “आतला खाल्ला, भायेरचा ऱ्हायला. का?” मला सांगता येईना. कॅलिपर दोन पिनांवर सरकत असतो. पिस्टन आतला पॅड दाबतो आणि त्याच जोरावर कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकतच नाही आणि सगळं ओझं आतल्या पॅडवर येतं. खालची पिन ओढली तर खरंच निघेना, आणि निघाली तेव्हा वाळलेल्या ग्रीसचा तपकिरी खर तिच्यावर चढलेला. रबरी बूट शाबूत, पिस्टनला ओल नाही, गंज नाही. एस्टिमेटमध्ये याच जागी दोन नवे कॅलिपर होते. आम्ही पिना घासून पुसल्या, ब्रेकचं वेगळं ग्रीस मिळतं ते लावलं, आणि पिन बोटानं सरकायला लागली.

नवा पॅड जाड, म्हणून पिस्टन आत ढकलायला लागतो. जुना पॅड मध्ये ठेवून सी-क्लॅम्पनं हळूहळू पिळायचा. त्याआधी बॉनेटखालची ब्रेक ऑइलची बाटली उघडून एका माणसानं तिच्याकडं बघत बसायचं, कारण पिस्टन आत गेला की ऑइल वर चढतं. आमच्याकडं हे काम साहेबांना दिलं होतं. सिरिंज हातात देऊन सांगितलं होतं की वरची रेघ ओलांडली की ओढून घ्या, एक थेंब बॉडीवर पडला तरी रंग जातो. त्यांनी ते फार गंभीरपणे केलं. गॅरेजवाल्याला समजावून सांगायला साहेब हवेच होते, ते असे उपयोगी पडले.

डिस्कवर बारीक चरे होते. मामानं नख फिरवलं, नख अडकत होतं. डिस्क काढून उद्यमनगरात न्यायचं ठरलं.

उद्यमनगराबद्दल कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. या गावात फाउंड्र्या आहेत, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत गाड्यांच्या इंजिनांचे ब्लॉक, हेड, ब्रेकची ड्रम अशी कास्टिंग ओतली जातात, आणि शिवाजी उद्यमनगरात गल्लोगल्ली लेथ, म्हणजे धातू कातायची यंत्रं. म्हणजे जो पार्ट फेकून नवा घ्या म्हणतात, तसला पार्ट घडवणारी माणसं दोन किलोमीटरवर बसलेली असतात. लेथवाल्याचा एक गुण मला हिशेबनीस म्हणून फार आवडतो. तो पार्ट विकत नाही, काम विकतो. डिस्क टाकाऊ निघाली तर त्याचं कामच जातं, चांगली निघाली तर शे-दोनशे मिळतात, पण वाईट म्हणून सांगण्यात त्याचा काही फायदा नाही.

टर्नरकाकांनी डिस्क पुसली, कडेला कोरलेला किमान जाडीचा आकडा मला वाचायला लावला आणि मायक्रोमीटर लावला. तीन-चार ठिकाणी मोजली. “लई शिल्लक हाय की. हलका कट घेऊया, कशाला बदलतासा?” दोन्ही बाजू सारख्या घेतल्या. राखाडी डिस्कवरनं चांदीसारखी चकचकीत रेघ आतनं बाहेर सरकत जाताना मी बघत उभी राहिले. कट झाल्यावर पुन्हा मोजून आकडा दाखवला, न मागता.

तिथंच शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये एका मिस्त्रीचं गॅरेज आहे. डिस्क होईपर्यंत त्याच्याशी बोलणं झालं. वय पन्नाशीचं, हात कोपरापर्यंत काळे. मी त्याला सगळी कहाणी सांगितली, जराशा तोऱ्यातच. तो शांतपणे ऐकून म्हणाला, “त्यानं गॅस्केट सांगितलं ते चूकच. पर मला सांगा मॅडम, तुम्ही काटा बघत किती फिरलासा? मामा रविवारी किती येळ बसला? त्येचे पैसे लावा की.”

मी गप्प.

“गिऱ्हाईक येतंय, म्हणतंय नुस्तं बघा. अर्धा दिस जातोय शोधण्यात. रिले दीडशेचा निघाला आणि मी बघायचे पाचशे मागितलं तर म्हणतंय, दीडशेच्या पार्टला पाचशे? चोर हायसा. तेच मी दोन हजाराचा पार्ट बदलला तर गप देऊन जातंय. मग काय करायचं मानसानं?”

हे मला कुठल्याही बिलात दिसलं नसतं. बिघाड शोधून काढणं हे खरं कौशल्याचं काम, आणि त्याला आपल्याकडं भाव नाही. आपण लेबरवर घासाघीस करतो, कारण चार नट काढलेले डोळ्यांना दिसतात. पार्टच्या किमतीवर करत नाही, कारण ती छापील असते. म्हणून न मिळालेली मजुरी पार्टात जाऊन बसते, आणि एकदा तिथं बसायची सवय लागली की मग ती मजुरीपुरती राहत नाही. पहिल्या गॅरेजवाल्याला यातनं मी सोडत नाही. करावर कर लावणं ही न मिळालेली मजुरी नव्हे. पण गिऱ्हाइकानं फुकटात बघून घ्यायचं आणि मिस्त्रीनं प्रामाणिक राहायचं, हा हिशेब जुळत नाही, हे मला त्या शेडमध्ये कळलं.

तेव्हापासनं आमचा व्यवहार ठरलाय. मी गाडी घेऊन गेले की आधी बघायचे पैसे देते, पार्ट बदलो वा न बदलो. तो काय तपासलं ते दाखवतो, जुना पार्ट हातात देतो. पार्ट मी आणते. सुरुवातीला त्याला पैसे घ्यायला अवघड वाटलं. “बघायला काय पैसे घ्यायचे,” हे तोच म्हणाला, जो पाच मिनिटांपूर्वी उलटं सांगत होता. आता घेतो.

ब्रेक बसवून झाल्यावर चाक लावायच्या आधी मामानं मला गाडीत बसवून पेडल दाबायला लावलं. पहिल्यांदा पाय थेट तळाला गेला. पिस्टन आत ढकललेला असतो, तो पॅडपर्यंत येईस्तोवर पेडलला काही लागत नाही. पाच-सहा दाबांनी कडक झालं. हे न करता गाडी काढली तर पहिल्याच वळणावर ब्रेक लागत नाही. चाकाचे नट आडव्या-तिडव्या क्रमानं, गाडी खाली घेतल्यावर शेवटचे आवळले. पुस्तिकेत ९ ते ११ किलोग्रॅम-मीटर लिहिलंय. टॉर्क पाना मामाच्या ओळखीनं उसना मिळाला. दुसरं चाकही त्याच दिवशी केलं, तिथं पिना बऱ्या होत्या. मग कळंबा तलावाच्या बाजूला रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात थांबत-थांबत पॅड बसवून घेतले. किर्रर्र गेलं.

रिले, पॅड, डिस्कचा कट, ग्रीस, ब्रेक ऑइल आणि नवं कूलंट मिळून साडेचार हजाराच्या आत बसलं. स्टँड आणि सी-क्लॅम्पचा खर्च वेगळा, पण ते घरात राहिले. कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालायचं नाही, क्षार बसतात. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड पाणी घातलं.

सगळंच मी करत नाही. एसीच्या गॅसला मशीन लागतं. स्टिअरिंग आणि अलाइनमेंटला हात लावत नाही. या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, तो तुटला तर वॉल्व्ह वाकायची भीती, म्हणून ते काम उद्यमनगरच्या मिस्त्रीलाच दिलं आणि त्यानं मागितली तेवढी मजुरी दिली. जुना बेल्ट उलटा वाकवून त्यानं दातांच्या मुळाशी पडलेल्या भेगा दाखवल्या. तो म्हणाला असता ‘बदलायला लागतोय’ तरी मी विश्वास ठेवला असता, पण त्यानं दाखवलं.

ऑफिसात आता लोक मला एस्टिमेट पाठवतात. मी प्रत्येक ओळीपुढं ‘कशावरून?’ एवढंच लिहून परत पाठवते. ते तसंच गॅरेजला पाठवायचं. काही गॅरेजवाले फोटोसकट उत्तर देतात, तिथं गाडी ठेवा म्हणते. काही साहेबांना फोन करायला सांगतात.

जुन्या गॅरेजचा मला अजून मेसेज येतो. परवा आलेला: पावसाळ्याआधी मोफत तपासणी शिबिर, चाळीस ठिकाणं फुकट बघून मिळतील. मी तो मिस्त्रीला दाखवला. तो एवढा हसला की हातातला पाना खाली ठेवायला लागला.

पाऊस लागायच्या आत मागच्या ब्रेकचे लायनर बघायचेत. ड्रम गंजानं धरलाय, नुसता ओढून निघत नाही. मामा म्हणतो ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं आहेत, त्यात बोल्ट पिळत गेलं की सुटतो, हातोडा अजिबात मारायचा नाही. बोल्ट लक्ष्मीपुरीतनं आणून ठेवलेत. मामाचा गुडघा बरा झाला की करू.